लेन्सचा विमा

दिवाळी सरते, गॅलऱ्यांतले आकाशकंदील उतरतात आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक सकाळ अशी येते, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेली हवा कोरडी असते. आम्हा नेरूळकरांना कोरड्या हवेचं फार कौतुक. वर्षातले आठ महिने इथे बरणीतलं मीठ ओलं असतं आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते. त्या कोरड्या सकाळी मी जुना कॅमेरा बाहेर काढते, लेन्स उजेडाकडे धरते आणि काचेच्या आत बुरशीचं जाळं धरलंय का ते पाहते. त्यात रीळ घालून कित्येक वर्षं झाली. तरी पाहते. मग कॅमेरा आत ठेवते, कपाटाला कुलूप लावते आणि कुलूप लागलंय ना, म्हणून ते दोनदा ओढून बघते. हे कुलूप ओढून बघणं मला एका हिवाळ्याने शिकवलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि माझा नवरा श्रीकांत महाप्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. आम्ही नेरूळच्या नव्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. इमारतीपुढे अजून झाडं नव्हती, फक्त त्यांच्यासाठी केलेले विटांचे कठडे होते. धाकटे दीर मस्कतला होते. मला फोटोंचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि दोन वर्षं मी पत्रातून हळूच आठवण करून देत होते. शेवटी ते सुट्टीवर आले तेव्हा पँटच्या घडीत गुंडाळून एक जपानी कॅमेरा घेऊन आले. बरोबर एक साधी लेन्स आणि एक तीनशे मिलिमीटरची, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. कस्टमवाल्यांनी विचारलं तर वापरातला माल म्हणता यावं म्हणून बिल त्यांनी मस्कतच्या विमानतळावरच फाडून टाकलं होतं.

बाईमाणसाला एवढी लांब नळी कशाला, हे तोंडावर कोणी विचारलं नाही. सोसायटीच्या हळदीकुंकवात तेवढं एकीने विचारलं की, तुम्ही समोरच्या इमारतीतलं पण बघू शकता का हो यातून? त्यानंतर समोरच्या दोन खिडक्यांना पडदे लागले.

विम्याची कल्पना आमच्या कचेरीतल्या खानविलकरांची. ते माझ्याच विभागात होते आणि जेवणाच्या सुट्टीत पॉलिसी उतरवायचे. सरकारी नोकरीत असल्यामुळे एजन्सी बायकोच्या नावावर. माणूस मदतीला धावणारा, पण डबा खाताना त्यांनी कोणाच्या तब्येतीची चौकशी केली की बाकीचे सावध व्हायचे. एवढी महागाची वस्तू उघड्यावर घेऊन हिंडता, उद्या काही झालं तर काय, असं ते मला महिनाभर विचारत राहिले. शेवटी मी फॉर्म भरायला घेतला.

त्या फॉर्मसारखं काही मी आयुष्यात तोवर वाचलं नव्हतं. वस्तू कुठे ठेवता, कपाटाला कुलूप आहे का, घराच्या किल्ल्या आणखी कोणाकडे असतात, घरात नोकरमाणसं कोण येतात, खिडक्यांना जाळ्या आहेत का. एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिताना आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला भोकं दिसायला लागली. बिल नव्हतं म्हणून किमतीचं पत्र आणायला फोर्टातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेले, तर मालकाने लेन्स उलटीपालटी करून, तिच्यावरचा नंबर वाचून, आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग ही कुठून आणलीत असं विचारलं. दीर, मस्कत, वगैरे सांगताना माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

पॉलिसी हातात आली आणि मी बदलले. आजही हे सांगताना थोडी लाज वाटते. आमच्याकडे चार वर्षं शांताबाई कामाला येत होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, खाडीजवळच्या गावात भाड्याने खोली घेऊन राहायच्या. मी पर्स टेबलावर टाकून बाजारात जायचे, परत यायचे, ती तशीच असायची. त्या नोव्हेंबरात त्या झाडायला आत आल्या की मी कपाटाला कुलूप घालायला लागले. आठवड्याभरातच त्यांनी बेडरूम झाडण्याआधी दारात थांबून मला हाक मारायला सुरुवात केली. मी आत येऊन उभी राहिले की मगच त्या खाली वाकायच्या.

रविवारी मात्र मी सुटायचे. सकाळी सहाला निघून गावाच्या मागच्या बांधावरून मिठागराकडे. दिवाळीनंतर तिथे खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायला सुरुवात होई आणि त्या पाण्यावर पाखरं उतरत. लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे पाण्यात आपल्याच पायांचं प्रतिबिंब टोचत चालायचे. धुकं असे, पण पातळ. ऊन वर आलं की आधी पाणी गुलाबी व्हायचं, मग पांढरं, आणि मग डोळ्यांना बघवत नसे. चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा आणि खारट वाऱ्याचा तो वास कपड्यांना लागायचा आणि श्रीकांत मला अंघोळीशिवाय आत घेत नसे.

मिठागराची राखण बाळाराम म्हात्रे नावाचा माणूस करायचा. पन्नाशीचा, सडपातळ, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पहिल्या दिवशी तो बांधावर माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि मला कोणी धाडलं ते विचारू लागला. मी पाखरांचे फोटो काढते म्हटलं, ते त्याला पटलं नाही. त्याच्या गावात आजवर जे कोणी तीन पायांचं स्टँड आणि काचेची नळी घेऊन आले होते, ते मोजणीला आले होते, आणि त्यांच्यामागून नोटिसा आल्या होत्या. त्याची भातशेती तशीच गेली होती. तिच्यावर आता कोणाची तरी सोसायटी उभी होती. कोणाची, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी त्याला कॅमेऱ्यातून पाहायला लावलं. समोर एक शेकाटा अगदी जवळ आला होता. बाळारामने बराच वेळ डोळा लावला आणि कॅमेरा परत देत म्हणाला, "ह्यो तर रोजचाच हाय." एवढ्यावर आमची ओळख झाली. पुढच्या रविवारपासून तो मला अडवेनासा झाला, पण मी बांधावर असेपर्यंत त्याची नजर माझ्या पाठीवर असायची. त्याचं एक झावळ्यांचं खोपटं होतं, बाहेर फळी टाकून केलेलं बाकडं, आणि आत ट्रान्झिस्टर कायम चालू.

डिसेंबरातला तो रविवार. मी खोपटापाशी बसून नवं रीळ भरलं. त्या दिवशी मला पाखरं नकोच होती. वाफ्यांच्या रेघा, त्यांच्यावरचं आकाश, असं काहीतरी हवं होतं, म्हणून कॅमेऱ्याला साधी लेन्स लावली आणि मोठी लेन्स बॅगेत घालून बॅग बाकड्यावर ठेवली. आतून गाण्यांचा आवाज येत होता. बॅग ठेवते हं इथे, असं मी आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं आणि बांधावर चालू लागले. तासाभराने छत्तीस फोटो संपवून परत आले, तर बाकडं रिकामं.

आधी मी बाकड्याखाली पाहिलं, मग खोपटाच्या मागे, मग पाण्यात. ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या होत्या. थोड्या वेळाने बाळाराम बांधावरून आला, मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेला. मी बॅगेचं विचारलं. तो म्हणाला, तो उघाडीवर होता, बॅग त्याने पाहिलीच नाही. खाडीचं पाणी आत घ्यायची जी लाकडी झडप असते, तिला ते उघाडी म्हणत. ती मिठागराच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला तेच संशयास्पद वाटलं. एखादा निर्दोष माणूस इतका शांत कसा राहील? घरी येईपर्यंत माझी खात्री झाली होती.

सोमवारी खानविलकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पॉलिसीचा कागद काढून एका ओळीवर बोट ठेवलं. कोणाच्याही देखरेखीशिवाय उघड्यावर ठेवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "ठेवली म्हणू नका, दिली म्हणा. एका शब्दाचा तर फरक आहे."

मी स्वतःशी म्हटलं, खोटं काय आहे यात? मी सांगून ठेवली होती. आत माणूस होता. सांगून ठेवली म्हणजे दिलीच की. संध्याकाळी श्रीकांतबरोबर चौकीत गेले. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि पेन थांबवून विचारलं, "कोणावर संशय?"

श्रीकांत भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होता. मी नाव सांगितलं. बाळाराम म्हात्रे, मिठागराचा राखणदार, बॅग त्याच्या हातात दिली होती. पूर्ण नाव मिळालं म्हणून हवालदाराला बरं वाटल्यासारखं दिसलं. मलाही घरी येताना बरं वाटत होतं. खूप दिवसांनी वाटावं तसं हलकं.

पुढच्या शनिवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर घरी आला. किडकिडीत, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. चहा नको म्हणाला. त्याने खिडकीच्या जाळीचे गज हलवून पाहिले, कपाटाचं कुलूप पाहिलं, फोर्टातल्या दुकानाचं पत्र दोनदा वाचलं. पॉलिसी घेऊन तीन महिने नाहीत, बिल नाही, एजंट कचेरीतलाच. हे तो एकामागून एक म्हणत गेला, कसलाही आरोप न करता. मग म्हणाला, "लेन्स तुमच्याकडे होतीच, हे कशावरून समजायचं?" संशय कसा दिसतो ते मला त्या दिवशी समोरून कळलं. मी गरजेपेक्षा जास्त बोलले, आणि मी जितकं बोलले तितकं त्याचं लिहिणं हळू होत गेलं. जाताना त्याने त्या लेन्सने काढलेले आधीचे फोटो आणि त्या रविवारचं रीळ, दोन्ही मागितलं.

रीळ धुवायला वाशीच्या स्टुडिओत दिलं. गुरुवारी पाकीट घेतलं आणि बसस्टॉपवर उभ्या उभ्या उघडलं. स्टुडिओवाल्याने एक अर्धा जळालेला फोटोही छापला होता. रीळ भरल्यावर दोनदा उगाच चाप दाबून ते पुढे घ्यावं लागतं, तेव्हा कॅमेरा जिकडे असेल तिकडचं अर्धंमुर्धं उमटतं. डावी बाजू नारिंगी जळालेली, उजवीकडे बाळारामचं खोपटं. बाकड्यावर माझी बॅग. आणि मागे खोपटाचं दार, बंद. बाहेरून कडी लावलेली.

आत ट्रान्झिस्टर होता. माणूस नव्हता.

बाकीचे फोटो मी दुसऱ्या दिवशी कचेरीतलं भिंग घेऊन पाहिले. वाफ्यांच्या रेघा चांगल्या आल्या होत्या. रेघा जिथे एकत्र मिळत होत्या तिथे, अगदी टोकाला, उघाडीपाशी एक माणूस होता. चौथ्या फोटोत मांडीएवढ्या पाण्यात. अकराव्यात फळी उचलताना. विसाव्यात, तिसाव्यात, छत्तिसाव्यात. मी तासभर सुंदर रेघा शोधत होते आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी तो उभा होता.

मी लगेच उठून चौकीत गेले असं सांगायला मला आवडलं असतं. पाकीट चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं. खानविलकर म्हणाले, पाखरांचेच फोटो द्या, अर्धा जळालेला कोण मागतंय? श्रीकांत म्हणाला, त्या म्हात्रेला चौकीत दोन दिवस बसवून सोडून दिलंय ना, मग विषय मिटला. मलाही मिटायला हवा होता. ती लेन्स परत कधी मिळणार नव्हती, दीर पुन्हा आणणार नव्हते, आणि त्या एका शब्दावर माझं सगळं अवलंबून होतं.

पाचव्या दिवशी शांताबाई बेडरूमच्या दारात थांबल्या. मी नेहमीसारखी आत जाऊन उभी राहिले. झाडू मारता मारता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या की त्यांच्या गावातल्या म्हात्रेला ठेकेदाराने मिठागरावरून काढून टाकलं. पोलिसात नाव गेलेला माणूस राखणीला कसा ठेवायचा, म्हणतो. मग कोपऱ्यातला केर ओढत म्हणाल्या, "माझं नाव न्हाई घातलंसा, बरं झालं."

त्याच दिवशी मी अर्धी रजा टाकली. हवालदार चिडला. आधी दिली म्हणता, आता ठेवली म्हणता. खोटी तक्रार केलीत का, म्हणून त्याने मला तासभर उभं ठेवलं, आणि त्याचं बरोबरच होतं. पुरवणी जबाब लिहून घेतला. त्याची नक्कल आणि फोटो घेऊन मी ठेकेदाराकडे तुर्भ्याला गेले. मालट्रकांच्या रांगांमधून वाट काढत श्रीकांतही बरोबर आला. रागावलेला होता, पण आला. ठेकेदाराने फोटो बघितले आणि म्हणाला, दुसरा माणूस तसाही झोपाळू निघालाय. बाळाराम आठवड्याने कामावर परतला. सर्व्हेअरला मी सगळे छत्तीस फोटो दिले आणि वर तो सदतिसावाही. त्याने चष्मा काढून तो जवळून पाहिला, पुन्हा चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच चहा घेतो म्हणाला. महिन्याभरात नकाराचं पत्र आलं. खानविलकर माझ्याशी पावसाळ्यापर्यंत बोलत नव्हते.

मधल्या एका संध्याकाळी मी बाळारामच्या घरी गेले होते. त्याची बायको आनंदी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी माफी मागायला आलेय म्हटलं, फोटो दाखवायला पाकीट काढलं. तिने हात पुढे केला नाही.

"दोन दिस त्याला बाकावर बसवला," ती म्हणाली. "तुमचा कागद वाचून दाखवला. त्याच्या हातात दिली म्हनून लिवलंत तुमी. तवा हे फोटू कुठं हुते?"

आत बाळाराम होता, त्याचं खोकणं ऐकू येत होतं; तो बाहेर आला नाही. मी पाकीट ओट्याच्या कडेला ठेवलं आणि वळले. मागून तिचा आवाज आला, अगदी सपाट. "हितं काय ठेवू नका. उचला ते." मी परत येऊन उचललं.

ती बॅग कोणी नेली ते मला कधीच कळलं नाही. शंभर माणसं त्या बांधावरून जायची. मासे पकडणारे, शॉर्टकटने स्टेशनला जाणारे, माझ्यासारखे हौशी. काही वर्षं मी प्रत्येकाकडे तशा नजरेने पाहिलं. शांताबाईंसमोर कुलूप लावणं मी बंद केलं, पण त्यांनी दारात थांबणं बंद केलं नाही. सहा वर्षांनी त्या काम सोडून गावी गेल्या, तोवर थांबत होत्या. माझा संशय मिटला म्हणून त्यांना बसलेली सवय मिटली नाही, आणि ती मिटवायला काय म्हणायचं असतं ते मला सुचलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, अशाच एका कोरड्या सकाळी, मी पुन्हा मिठागरावर गेले. कॅमेरा आणि खांद्याला एक कापडी पिशवी, एवढंच. शेकाटे आले होते. खोपटाबाहेर बाळाराम विडी ओढत बसला होता. मी थांबले. तो उठला नाही, जा म्हणाला नाही, या म्हणाला नाही. पलीकडच्या वाफ्यात जायचं तर एका अरुंद फळीवरून तोल सांभाळत जावं लागे, दोन्ही हात मोकळे हवे होते. मी पिशवी खांद्यावरून काढली आणि हातात तशीच धरून उभी राहिले. बाकडं समोर होतं. पण ठेवायचं धाडस होईना.

तो माझ्याकडे आणि पिशवीकडे पाहत होता. मग आत गेला आणि शाळेच्या वहीचा एक कोरा कागद आणि पेन घेऊन आला.

"काय काय हाय ते लिवा," म्हणाला.

मी लिहिलं. पाण्याची बाटली, दोन रिळं, रुमाल, घराची किल्ली. त्याने पिशवी उघडून एकेक वस्तू बाहेर काढली, कागदाशी ताडून पाहिली आणि पुन्हा आत घातली. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत तो वाचत होता. वाचून झाल्यावर कागद माझ्यापुढे केला.

"खाली लिवा. ठेवली नाय. म्हात्रेच्या हातात दिली."

मी लिहिलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्याने कागद चार घड्या घालून खिशात टाकला, पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि बाकड्यावर बसला.

फळीवरून मी पलीकडे गेले. ऊन पाण्यावर उतरलं होतं, पाखरं हाताच्या अंतरावर होती. त्या सकाळी मी चारच फोटो काढले, आणि चारही वेळा मध्येच मान वळवून खोपटाकडे पाहिलं. प्रत्येक वेळी तो तिथेच बसलेला होता, आणि माझ्याकडेच पाहत होता.